फुकटचं ते पौष्टिक?

ग्रंथालयांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले की लहान वाचनालयांनी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी 'कोहा' हे ग्रंथालय चालवायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एकदा बघावं. त्यावर ३१ पत्रं आली. दिवाळी अंकांच्या वर्गणीवर पानभर लिहिलं होतं तेव्हा दोन आली होती, त्यातलं एक नातेवाइकाचं. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय. कार्यकारिणीचं राजकारण मलाही ठाऊक आहे, तेव्हा फक्त हुद्दा आणि जिल्हा देते.

प्रश्न : आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय, पुस्तकं १४ हजारांच्या आसपास. एका विक्रेत्याने संगणकीकरणाचे ६५ हजार आणि पुढे दरवर्षी देखभालीचे १२ हजार असा आकडा दिलाय. आमच्या कोषाध्यक्षांचा भाचा म्हणतो, कोहा फुकट आहे, तेच घ्या. अध्यक्ष म्हणतात, फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. कोणाचं ऐकावं?
— कार्यवाह, जि. सांगली

कार्यवाह साहेब, दोघांचंही थोडं थोडं ऐका.

मराठीत मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' म्हणतात, म्हणून घोळ होतो. एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक खात्याचं, 'ई-ग्रंथालय' हे सॉफ्टवेअर सरकारी ग्रंथालयांना मोफत मिळतं, पण त्याची मूळ आज्ञावली तुम्हाला उघडून बघता येत नाही. ते मोफत झालं. कोहा मुक्त आहे. त्याची आज्ञावली कोणीही बघावी, बदलावी, शेजारच्या गावाला द्यावी. पुढे देताना त्यालाही तेवढीच मोकळीक द्यायची, एवढीच मुख्य अट.

अध्यक्षांना लेव्हिनची गोष्ट सांगा. न्यूझीलंडमधलं हे लहानसं गाव, तिथे होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं ग्रंथालय. १९९९ साली त्यांच्या लक्षात आलं की आपली जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की तारखांमध्ये गडबडणार. बाजारात जे मिळत होतं ते त्यांच्या ऐपतीबाहेरचं, आणि बऱ्याच प्रणालींना शाखांमध्ये महागड्या जोडण्या लागत. त्यांनी वेलिंग्टनच्या 'कॅटिपो' या छोट्या कंपनीकडून साध्या ब्राउझरवर, टेलिफोनच्या तारेवर चालेल अशी प्रणाली लिहून घेतली. २०००च्या जानेवारीत ती सुरू झाली, आणि मग त्यांनी ती जगाला देऊन टाकली. एकट्याने सांभाळण्यापेक्षा चार ग्रंथालयांनी मिळून सांभाळलेली बरी, हा त्यातला व्यवहारी हिशेब. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण आपल्या आहेरासारखी. आहेर घेतला की परतीचा आहेर मनात धरावा लागतो.

आता माझी गोष्ट. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे.

आमच्या महाविद्यालयाने २००३ साली एक ग्रंथालय सॉफ्टवेअर विकत घेतलं. विक्रेत्याचं नाव घेत नाही, ते दुकान आता नाहीच. सीडी आली आणि तिच्यासोबत आगपेटीएवढी एक काळी डबी. ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत लावून ठेवायची. ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. सहा वर्षं उत्तम चाललं. २००९ साली संगणक बदलला. नव्या संगणकाला ती मोठी, पंचवीस भोकांची खाचच नव्हती. विक्रेत्याला फोन लावला, नंबर बंद. त्याने दिलेल्या पत्त्यावर आमचा शिपाई गेला तर तिथे झेरॉक्सचं दुकान. २३,४०० पुस्तकांच्या नोंदी त्या हार्ड डिस्कवर होत्या आणि आम्हाला दिसतही होत्या, एक भलीमोठी फाइल म्हणून. संगणकशास्त्राच्या सरांनी ती कशीबशी उघडली तर आत मराठीच्या जागी चौकोन, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, टिंबं. कारण विक्रेत्याने स्वतःचाच फॉन्ट वापरला होता. 'कमवा आणि शिका'मधल्या दोन मुलींना घेऊन आम्ही दाखल रजिस्टरावरून, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहितात त्या वहीवरून, सगळं पुन्हा टाइप केलं. दोन वर्षं लागली. त्यातल्या एकीला वही आणि पडदा यांत मान हलवून हलवून मानेचं दुखणं लागलं, ते मला अजून लागतं.

म्हणून विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी हे विचारा: 'उद्या तुम्हाला सोडून जायचं ठरवलं तर आमच्या नोंदी कशा परत द्याल?' पुस्तकांच्या नोंदी आयएसओ २७०९ या मार्क स्वरूपात (ग्रंथालयांच्या संगणकी नोंदींचा हा ठरलेला साचा), सभासद आणि देवघेव साध्या सीएसव्हीत (कुठेही उघडणारी साधी यादी), आणि सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकाला वाचता येणारी अक्षरं), दर तिमाहीला. हे लेखी द्यायला तो तयार असेल तर त्याचं विकतचं सॉफ्टवेअरही घ्या, माझी हरकत नाही. 'तशी गरज पडत नाही हो' असं म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

भाच्याला मात्र हे सांगा की कोहाला पैसे पडत नाहीत, टायपिंगला पडतात. सरावलेला माणूस दिवसाला ६० पुस्तकं नीट नोंदवतो. १४ हजारांना २३३ दिवस, म्हणजे सुट्ट्या धरून नऊ-दहा महिने. त्यातही एक युक्ती आहे. कपाट क्रमांक एकपासून सुरुवात करू नका. खिडकीवर जे पुस्तक परत येईल ते आधी नोंदवा, बारकोड लावा, मगच मांडणीत ठेवा. तीन महिन्यांत तुमची फिरती पुस्तकं जवळजवळ सगळी आत आलेली असतील. जी कधी हलतच नाहीत, ती पावसाळ्यात सावकाश करा.

प्रश्न : आम्ही कोहा बसवलं, ४ हजार पुस्तकं भरली. पण मराठीत शोधलं की निम्मी सापडतच नाहीत. पुस्तक समोर कपाटात दिसतंय आणि पडदा म्हणतो 'नाही'. वाचक हसतात. आम्ही परत कार्डांकडे वळावं का?
— ग्रंथपाल, जि. रत्नागिरी

ताई, हे दुखणं आम्ही सहा महिने अंगावर काढलं होतं. कार्डांकडे वळू नका. हे एक दुखणं नाही, तीन आहेत, आणि तिन्हींना औषध आहे.

कोहाच्या पोटात शोधाचं काम 'झेब्रा' नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. तो बसतो तेव्हा रोमन लिपी गृहीत धरून बसतो. देवनागरीतले काना, मात्रा, वेलांट्या त्याला अक्षराचा भाग वाटत नाहीत आणि तो शब्द तिथेच तोडतो. आमच्याकडे 'नगर' सापडायचं, 'किल्ला' सापडायचा नाही. त्याला 'आयसीयू' नावाची पद्धत वापरायला सांगावं लागतं. झेब्राच्या सेटिंगच्या फोल्डरात डिफॉल्ट डॉट आयडीएक्स अशी फाइल असते, तिच्यात हा बदल करायचा. कोहाच्या प्रशासन पानावरही आयसीयूची खूण करायची, आणि मग सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधायला लावायची. ४ हजार पुस्तकांना फार वेळ लागत नाही. ज्याने तुम्हाला कोहा बसवून दिलं त्याला 'झेब्राला आयसीयू लावलंय का?' एवढंच विचारा. तो गप्प बसला तर लावलेलं नाही.

दुसरं दुखणं लबाड आहे. डोळ्यांना एकच दिसणारी अक्षरं संगणकाला वेगळी असतात. 'ॲडव्होकेट' हा शब्द घ्या. पहिलं अक्षर कोणी 'अ' काढून त्यावर चंद्र चढवून टाइप करतं, 'अॅ'. कोणी एकच सबंध अक्षर उमटवतं, 'ॲ'. हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, त्यामुळे आधीच्या नोंदी पहिल्या रीतीच्या. दोन्ही पडद्यावर सारखीच, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. तसंच 'दऱ्या'चं. कोणी पायाशी टिंब असलेला 'ऱ' मोडून 'दऱ्या' लिहितं, कोणी साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून 'दर्‍या' लिहितं. आणि कोणी घाईत 'दर्या' लिहितं. मग सह्याद्रीच्या खोल दऱ्यांवरचं पुस्तक समुद्रात जाऊन पडतं. आमच्याकडे ते चार महिने बेपत्ता होतं. सरांना हवं होतं, मी त्यांना 'गहाळ' असं लेखी देऊन बसले होते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. नियम ठरवा, कागदावर लिहा, संगणकाशेजारी चिकटवा: ॲ सबंध, ऱ टिंबाचा, आद्याक्षरांमध्ये एक मोकळी जागा. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. मी इन्स्क्रिप्टचा हट्ट धरते. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्या साधनांमध्ये ऱ कोणता पडेल याचा नेम नसतो. जुन्या ४ हजार नोंदी बाहेर काढा, आधी बॅकअप घ्या, मग 'शोधा आणि बदला' करून पुन्हा आत घ्या. कोहात नोंदींचा आत घेतलेला गठ्ठा पसंत पडला नाही तर तो मागे घ्यायचीही सोय आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तरी पहिल्यांदा शंभरच नोंदींवर करून बघा.

तिसऱ्या दुखण्याला दुखणं म्हणावं की मराठीचा स्वभाव, हा प्रश्न आहे. 'शेतकरी' शोधलं तर 'शेतकऱ्यांचा' सापडत नाही. आपल्याकडे शब्दाला विभक्ती लागली की त्याचं रूपच पालटतं आणि ते ओळखायला कोहाला कोणी शिकवलेलं नाही. वाचकांना अर्धा शब्द टाइप करायला शिकवा. 'शेतक' आणि पुढे तारा, म्हणजे * ही खूण. तशी पाटी खिडकीवर लावा. आमच्या एका आजोबांनी ती पाटी वाचून विचारलं होतं, 'बाई, पुस्तक पण अर्धंच मिळणार का?'

प्रश्न : मी ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात कोहातून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी उतरवून घेतल्या. मराठी पुस्तकांच्याही मिळाल्या! पण सगळ्या रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं. असं का? त्या वापराव्यात का?
— विद्यार्थिनी, नागपूर

शाब्बास, आधी 'का' विचारलंस म्हणून. आजीला विचार, पीएल ४८०चा अमेरिकन गहू तिला आठवत असेल. १९५४चा तो अमेरिकन कायदा. धान्याचे पैसे भारताने रुपयांत द्यायचे आणि ते रुपये अमेरिकेने इथेच खर्चायचे. त्यातले काही पुस्तकांवर खर्चायची पुढे परवानगी मिळाली आणि १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कचेरी उघडली. तेव्हापासून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं तिकडच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. आपल्याकडे ज्या पुस्तकाची प्रत वाळवीने खाल्ली, त्याची सुबक नोंद वॉशिंग्टनमध्ये निघते, असं माझ्या बाबतीत तीनदा झालंय.

तिथल्या सूचिकारांना रोमन लिपीत नोंद करायची होती, म्हणून त्यांनी प्रत्येक देवनागरी अक्षराला एक रोमन अक्षर नेमून दिलं. त्या तक्त्यात 'च'ला नुसता 'सी' आहे आणि 'सीएच' म्हणजे 'छ'. आता आपला वाचक 'चंद्र' शोधताना रोमनमध्ये काय टाइप करेल सांग? सीएच. आणि त्याला काहीच सापडणार नाही.

वापर, जरूर वापर. पृष्ठसंख्या, वर्ष, वर्गांक (विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला आकडा) ही सगळी आयती मेहनत आहे. पण २४५ क्रमांकाच्या रकान्यात मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावर आहे तसं देवनागरी शीर्षक घाल, आणि रोमन शीर्षक २४६मध्ये पर्यायी म्हणून सरकव. लेखकाचंही तसंच. वर्गांक मात्र डोळे झाकून घेऊ नकोस. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य इथपर्यंत ठीक, पण ज्या वाचनालयात निम्मी पुस्तकं तीच असतात तिथे नुसत्या त्या आकड्याने कपाट लावलं तर वाचकाला अख्खी भिंत धुंडाळावी लागेल. आणि एक: जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, तेव्हा शीर्षकावरूनच शोधायचं, तेही त्यांच्या रोमनमध्ये. तो तक्ता छापून वहीत चिकटव. परीक्षेला विचारणार नाहीत, नोकरीत लागेल.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पेट्यांमधली मिळून १,८०० पुस्तकं आहेत. एक जुना संगणक आहे. कोहा बसेल का?
— शिक्षक, जि. नंदुरबार

गुरुजी, बसेल, पण कशाला? १,८०० पुस्तकांना लिब्रेऑफिसचा कॅल्क, म्हणजे रकान्यांचा तक्ता करायचा प्रोग्राम, पुरे. तोही मुक्त आहे, जुन्या संगणकावर चालतो. रकाने: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, कोणत्या इयत्तेला झेपेल, कोणत्या पेटीत. चौथा रकाना महत्त्वाचा, तो गाळू नका. पुढेमागे पुस्तकं वाढली तर इंडोनेशियाच्या शिक्षण खात्याच्या ग्रंथालयात जन्मलेलं 'स्लिम्स' हे ग्रंथालय सॉफ्टवेअर बघा; ते विंडोजवरही बसतं आणि कोहापेक्षा हलकं आहे. देवघेवीची वही पाचवीच्या मुलींकडे द्या. माझ्या अनुभवात त्या दंड सोडत नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि आमचा कोहाचा संगणक जळाला. बॅकअप रोज आपोआप होतो असं सांगितलं होतं. तो त्याच संगणकात होता! आता काय?
— सहायक ग्रंथपाल, जि. लातूर

आधी तातडीचं. संगणक जळाला म्हणजे हार्ड डिस्क जळाली असं नाही. बहुधा वीजपुरवठ्याचा डबा आणि मदरबोर्ड जातात. डिस्क काढून, ती दुसऱ्या संगणकाला केबलने जोडून कोणाकडून तरी बघून घ्या. कोहा उबुंटू किंवा डेबियनवर (विंडोजच्या जागी वापरतात त्या लिनक्सचे हे दोन प्रकार) नेहमीच्या रीतीने बसवलं असेल तर 'व्हार', त्यात 'स्पूल', त्यात 'कोहा' अशा फोल्डरात बॅकअपची फाइल असते. ती मिळाली की अर्धी लढाई जिंकलात. ती मिळेपर्यंत त्या डिस्कवर दुसरं काही बसवू देऊ नका. उत्साही पोरं 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतात, त्यांना लांब ठेवा.

तुम्हाला सांगितलं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. कोहा दिवसातून एकदा आपणहून बॅकअप घेतं, पण ठेवतं त्याच डिस्कवर, आणि काही बदल केला नसेल तर दोनच दिवसांचे ठेवतं. म्हणजे सोमवारी कोणी चुकून नोंदी पुसल्या आणि ते गुरुवारी लक्षात आलं, तर तोवर बॅकअपातूनही त्या गेलेल्या असतात. आमच्याकडे दोन पेनड्राइव्ह होते, एक लाल, एक निळा. शनिवारी बंद करताना त्या आठवड्याचा रंग लावायचा, फाइल उतरवायची, आणि तो पेनड्राइव्ह घरी न्यायचा. माझ्या घरी तो देव्हाऱ्याच्या खणात असायचा, कापराच्या डबीशेजारी, कारण घरातली ती एकच जागा कोणी आवरायला घेत नाही. मात्र त्या फाइलीत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबरही असतात. पेनड्राइव्ह भाच्याच्या लग्नाचे फोटो आणायला देऊ नका.

आणि वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा फाइल शून्य आकाराची निघाली. डिस्क भरली होती आणि आठ महिने आम्ही रिकामी फाइल श्रद्धेने घरी नेत होतो.

आभाळातली वीज फक्त विजेच्या बोर्डातूनच येते असं नाही. इंटरनेटच्या, टेलिफोनच्या वायरीतूनही शिरते. वळवाचं आभाळ भरून आलं की विजेचा प्लग आणि या वायरी, सगळंच काढून ठेवा. देवघेव तेवढा वेळ वहीत.

प्रश्न : आमच्याकडे कोहा एका तरुण सभासदाने हौसेने बसवून दिलं. तो आता नोकरीला बेंगळुरूला गेला. आता काही अडलं की कोणीच नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं हे असंच असतं का?
— अध्यक्ष, जि. धुळे

हो, पुष्कळदा असंच असतं, आणि याबद्दल कोहाचे भाट बोलत नाहीत म्हणून मी बोलते. कोहाला लिनक्स थोडंफार जाणणारा माणूस लागतो. त्याची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिला नावही वर्ष-महिन्याचंच असतं, २४.०५, २४.११ असं. प्रत्येकीमागे धावायची गरज नाही, पण पाच वर्षं हात न लावलेला कोहा म्हणजे पाच वर्षं न शाकारलेलं घर.

मी तुम्हाला पैसे मोजायला सांगणार आहे. मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल विकत घेण्यात काही पाप नाही. इथे देखभाल करणारा पसंत पडला नाही तर त्याला काढून दुसरा ठेवता येतो. सॉफ्टवेअर आणि नोंदी तुमच्याकडेच राहतात. एकट्याला खर्च झेपत नसेल तर तालुक्यातल्या चार-पाच वाचनालयांनी मिळून एकच कोहा चालवा. त्यात शाखा वेगवेगळ्या दाखवता येतात, सभासद आणि हिशेब वेगळे राहतात. एका वाचनालयातलं पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचकाला दिसतं, हा वरचा फायदा. अडचण तांत्रिक नसते. बैठक कोणाच्या गावात घ्यायची, यावर अशी एक योजना माझ्या डोळ्यांदेखत मोडली आहे.

आणि आपण एकटे आहोत असं समजू नका. कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद २०११ साली आपल्या ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळाकडे भरली होती. मी मागच्या बाकावर बसून होते. निम्मं डोक्यावरून गेलं, पण परदेशातली माणसंही झेब्राला शिव्या देतात हे ऐकून फार बरं वाटलं. त्याच सुमारास एका कंपनीने 'कोहा' हे नावच न्यूझीलंडमध्ये आपल्या नावावर नोंदवायला घेतलं होतं. लेव्हिनच्या त्या छोट्या ग्रंथालयाने हरकत घेतली, जगभरातून लोकांनी मदत देऊ केली, आणि अखेर तो अर्ज फेटाळला गेला.

तुमच्या त्या मुलाला फोन करा. रागावून नाही. त्याने काय काय बसवलं, पासवर्ड कोणते, हे दोन पानांवर लिहून मागा आणि ती पानं तिजोरीत ठेवा. बेंगळुरूहून एवढं तो नक्की करेल.

प्रश्न : आमच्याकडे १९३०-४० मधली मासिकं आहेत. स्कॅन करून मुक्त सॉफ्टवेअरवर सर्वांसाठी ठेवू का?
— वाचक, मडगाव

ठेवा, पण लेखक वारल्याला ६० वर्षं झाली आहेत का ते लेखागणिक बघून. मासिकात ही मोठीच कटकट असते. निनावी मजकुराची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, ती उलटली आहेत. साठवणीला एमआयटी आणि एचपीने २००२ साली आणलेलं 'डीस्पेस' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण एका संचासाठी तो हत्ती पोसू नका. स्कॅनमधला छापील मजकूर ओळखून टाइप करायचं काम 'टेसेरॅक्ट' हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीत बऱ्यापैकी करतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत जोडाक्षरांची वाट लावतं, तेव्हा माणसाने वाचून दुरुस्त करायची तयारी हवी. पानं मात्र शिवण उसवून सपाट करू नका, हात जोडते.

प्रश्न : कोहात सगळं भरून झालं. बारकोड लावले. आता दाखल नोंद रजिस्टर लिहिणं बंद केलं तर चालेल का? मोठं काम वाचेल.
— लिपिक, जि. सोलापूर

नको. तपासणीला येणारे साहेब ते मागतात हे कारण तुम्हाला माहीतच आहे. माझं कारण वेगळं. आमच्या २३,४०० नोंदी परत आल्या त्या त्याच जाडजूड, लाल पाठीच्या वह्यांमधून. पहिली वही १९६४ची होती. माझ्या आधीच्या आधीच्या ग्रंथपालांच्या हातची, दौतीच्या शाईतली, आणि ती लागली तशी वाचता आली. मधल्या एका वहीची शंभरेक पानं कोणीतरी पाणी सांडून घालवली होती. तेवढी पुस्तकं आम्ही कपाटांसमोर स्टुलावर बसून एकेक हातात घेऊन नोंदवली.

कोहातून दर महिन्याच्या नव्या पुस्तकांची यादी दाखल क्रमांकाने छापून काढता येते. ती छापून रजिस्टरात चिकटवायला तुमच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची हरकत नसेल तर तसं करा, लिहिणं वाचेल. डिंक लावा, स्टेपलर नको, पिना गंजतात.